उमाबाईची गच्ची

उमाबाईची खोड एकच, पण लई वाईट. बोलायचं ते अर्धं बोलायचं आणि उरलेलं ऐकणाऱ्याच्या पोटात किडा करून सोडायचं. "अक्का, तुमची शिवलीला एकटीच दवाखान्यात जाती बरं का. आता मी काय बोलणार?" एवढं सांगून तिनं फोन ठेवला, आणि महानंदाबाई भरल्या ताटावरनं उठल्या.

शिवलीला त्यांची नात, तालुक्याच्या गावी, वाशीला, अकरावीत. होस्टेलात कुठकुठल्या पोरी येतात म्हणून महानंदाबाईंनीच तिला उमाबाईच्या, आपल्या मावसबहिणीच्या, घरातली मागची खोली बघून दिली होती. आपलं लिंगायताचं घर, गळ्यात लिंग असलेलं घर. आता हे! पोरीच्या बापानं, शिवानंदनं, ऐकताच सांगून टाकलं, "सामान घेऊन या तिचं. बस झाली शाळा."

"आधी म्या बघते," म्हणत त्या एसटीत चढल्या.

वाटभर मन एकेकाला धरून आपटत होतं. कोण असंल? क्लासचा मास्तर? उमाबाईचा पुतण्या, तो भीमाशंकर, दिवसभर गल्लीत मोटारसायकल फिरवणारा?

नात अजून कॉलेजातनं आली नव्हती. बरंच झालं. महानंदाबाईंनी आतनं कडी घातली. खोलीला वीतभर खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडणारी. त्यांनी दप्तर उपसलं, उशी चाचपली. कपाटात गोळ्यांचं पाकीट मिळालं. अक्षर काही लागेना. कसल्या गोळ्या या? गादी उचलली तसा कुबट वास नाकात शिरला. खाली खाटेच्या पत्र्यावर पाळीची फडकी पसरलेली. धुतलेली, पण ओली. काठांना काळे ठिपके.

दार वाजलं, त्यांनी कडी काढली. उचललेली गादी बघून शिवलीलाचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कोण हाय गं तो?"

"कोण तो?"

"भीमाशंकर?"

पोरीला तशातही हसू फुटलं. "त्याचं लग्न ठरलंय आजी, अणदूरच्या पोरीसंगं." मग हसू गेलं. "कुणी न्हाय ओ. खाज सुटते. लघवीला गेलं की जळजळतंय, रडू येतं. दवाखान्यातल्या बाईंनी त्या गोळ्या दिल्या, म्हणल्या, ओलं फडकं वापरून झालंय. कडक उन्हात वाळवा, न्हायतर पॅड वापरा."

"मग घालावं उन्हात. एवढी गच्ची हाय!"

"मावशीआजी घालू देत न्हाईत. वर पूजेची फुलझाडं हायत म्हणं. पॅड वापरलं तर घंटागाडीत टाकू देत न्हाईत, गल्ली बघते म्हणं."

महानंदाबाईंनी तिच्या डोळ्यांत टक लावून पाहिलं. पोरीनं नजर खाली घातली नाही.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर बाबांनी घरी नेलं असतं. मला शिकायचंय, आजी."

महानंदाबाईंनी फडकी पाणी उकळून पुन्हा धुतली, बादली उचलली आणि त्या जिना चढल्या. वर लखलखीत ऊन. एका अंगाला जास्वंदी, दुसऱ्या अंगाला कुरडया, आणि मधे रिकामी दोरी. त्यांनी एकेक फडकं झटकून दोरीवर घातलं.

उमाबाई धावतच वर आली. "अक्का! अहो, पूजेची फुलं हायत इथं!"

महानंदाबाईंनी शेवटचा चिमटा लावला आणि त्या वळल्या.

"उमा, तुझ्या आईनं आन् माझ्या आईनं त्या दिवसांत बी लिंगपूजा चुकवली न्हाय. आपल्यात विटाळ नसतो. गळ्यात लिंग बांधून तू तो कुठनं उचलून आणलास? पोर दवाखान्यात गेली ते तुला दिसलं, आन् तुझ्याच घरात अंधारात कुजत होती ते दिसलं न्हाय? पोर चांगली हाय, रीत तुझी खोटी हाय. ती इथंच राहील, आन् फडकी हितंच वाळतील, तुझ्या जास्वंदीशेजारी. आता लाव शिवानंदला फोन. आन् या बारीला पुरतं बोल."