दोन्ही बाजूंनी दिसलेले नाना

मित्रांनो, मी कुरुंदा गावचा एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. तुम्हाला वाटेल, काय चैन असेल याची, सगळे सिनेमे फुकटात! खरं सांगू? मी एकही पाहिलेला नाही. सिनेमा माझ्या अंगावर चालतो. मला दिसतात फक्त बघणारी माणसं.

एका शिंप्याने मांजरपाटाचे चार पट्टे जोडून मला शिवलं, काळी किनार लावली. तंबूत मी मधोमध टांगलेला असे आणि माणसं माझ्या दोन्ही अंगांना बसत. मागच्यांना सगळं उलटं दिसे, हिरोची तलवार डाव्या हातात. पण रडायच्या जागी दोन्हीकडची सारखीच रडत. टाळ्या पडल्या की मी फुगून जाई. लोक म्हणत, वारा सुटला. म्हणू देत.

मग घरोघरी टीव्ही आले आणि तंबू उठला. मी गावातल्या हळदवाल्या सुदामच्या वडिलांच्या गोदामात आलो. पुढची वीस वर्षं माझ्यावर उकडलेली हळद वाळली. अंगभर पिवळे डाग पडले, ते कायमचे.

यंदाच्या चैत्रात जान्हवी मला शोधत आली. ही नानांची शिष्या. नाना म्हणजे आमच्या देवळाचे पुजारी. पहाटे रस्त्याकडची खिडकी उघडी टाकून गाणार आणि आपल्याच बोलीत बंदिशी बांधणार. गावाने त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. जान्हवीने त्यांच्यावर माहितीपट केला. पुण्यात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. पण नानांच्या बायकोने, अनुसूयाकाकूंनी, तिला सांगितलं, "पुण्याचं राहू दे. आपल्या गावानं एकदा त्यांना शेवटपर्यंत ऐकावं, मधून उठून जाऊ नये. तेवढं मला बघायचंय."

सुदामने मला झटकलं. "डाग हायेत जरा. हळद लागलीय, नवरदेव समजा!"

दिवेलागणीनंतर शाळेच्या पटांगणात मला बांधलं. काकू पहिल्या रांगेत बसल्या. नाना मात्र काही केल्या पुढे बसेनात. "लोक उठून जाताना मला बघवणार नाही," म्हणाले आणि माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून एकटेच बसले. म्हणून सांगतो, त्या संध्याकाळी दोन्हीकडचं फक्त मला दिसलं.

"अगं बाई, ही तर माही म्हैस!" माहितीपट सुरू होताच भिकाबाई ओरडली. ही तांड्यावरची, नानांच्या घरी दूध घालणारी.

"म्हशीला पयले दाखवलं, मालकिणीला न्हाई!" सुदाम म्हणाला. पटांगण हसलं. माझ्या पाठीमागे नाना पुटपुटले, "मी डावखुरा कधी झालो?"

मग गाणं सुरू झालं. आलाप लांबला. जांभया आल्या, कुजबुज वाढली. "लई आ-आ होऊन राहिलं बा," म्हणत सुदाम उठला. त्याच्यामागे आणखी दोघं उठले. काकूंनी वळून पाहिलं नाही, पण पदराचं टोक मुठीत आवळलं. ती मूठ मला दिसत होती. आणि मागे नानांनी घरी जायला काठी उचलली होती.

नेमका तेव्हाच स्पीकर बंद पडला. चित्र चालूच होतं. माझ्या अंगावर नानांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. जान्हवी घाईघाईने वायरी उपसू लागली.

आणि भिकाबाई तेच गाणं गाऊ लागली. "हळदीचं ऊन गं, अंगणी आलं..." म्हशीची धार काढताना गावं, तितक्या सहज.

"भिकामावशी, तुला काहून येते हे?" सुदामने उभ्याउभ्याच विचारलं.

"चाळीस वर्सं वट्यावर उभी राहून ऐकून राहिले. तुला येत न्हाई व्हय?"

सुदामने 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं आणि पुढची ओळच बाहेर पडली. त्याचा त्यालाच धक्का बसला! पहाटे हळदीच्या कढईपाशी रोज कानावर पडलेली ओळ. मग बाया गाऊ लागल्या, मग पोरं, मग म्हातारे. माझ्या अंगावर नाना ओठ हलवत होते आणि आवाज अख्ख्या गावाचा होता. समेवर सगळे एकदम 'आलं' म्हणून येत. भोंगा म्हणणाऱ्या गावाला बंदिश पाठ होती, आणि हे गावालाच माहीत नव्हतं.

मागे नानांची काठी खाली पडली. ते मांडीवर ताल धरत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी तोंडाने चालूच, "कोमल रिषभ लावा रे, कोमल!"

"झाला स्पीकर!" जान्हवी म्हणाली.

"राहू दे बंद," सुदाम खेकसला, "मधी मधी येऊ नको."

तो आणि ते दोघं केव्हाच परत खाली बसले होते. गाणं संपलं. काकू उठल्या, माझ्यापाशी आल्या आणि दोन्ही हातांनी माझी काळी किनार वर उचलली. "या आता इकडं," त्या म्हणाल्या. "कुणीसुद्धा गेलं नाही."

नाना वाकून माझ्याखालून पुढे आले. पटांगण उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. मी असा फुगलो की दोऱ्या ताणल्या. त्या संध्याकाळी झाडाचं पान हलत नव्हतं, कुणालाही विचारा.

सुदाम आता माझ्यावर हळद घालत नाही. मित्रांनो, मला धुतलंत तर खडखडीत वाळवा, ओला असताना घडी करू नका; डाग राहिले तरी चालतील. आणि तुमच्या आळीत पहाटे कुणी गात असेल, तर तुम्ही ऐकता हे त्याला एकदा सांगा. तो बिचारा कुठल्यातरी पडद्यामागे खुर्ची टाकून बसला असेल.