दोन बोटांची उंची

"बाबा, स्टिअरिंग अजून वळवा. पार शेवटपर्यंत."

मुलगी अंगणात जीपखाली पाठीवर पडली होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात लांब दांडीचा छोटा गोल आरसा. हा आरसा एरवी ती पेशंटच्या तोंडात घालत असे. दातांची डॉक्टर झाल्यापासून कुठल्याही फटीत डोकावल्याशिवाय तिला राहवत नसे. वर बसलेल्या बाबांनी स्टिअरिंग वळवलं, तसं जॅकवर उचललेलं पुढचं चाक हळूहळू आत आलं.

"टेकलं स्प्रिंगच्या पाट्याला. पण अगदी जरासं."

"सांगत नव्हतो?" बाबांच्या आवाजात काळजीपेक्षा समाधानच जास्त होतं. "या रिमांना मोठे टायर चालत नाहीत."

"रिमांना काही होत नाही, काका," टायरवाला म्हणाला. त्याने टेम्पोतून दोन्ही मापांचे टायर आणले होते आणि नमुन्याला एक मोठा चढवून दाखवला होता. "रिम दणकट आहेत, टायर छान बसलाय. फक्त पूर्ण वळवलंत तर घासणार. थोडं कमी वळवायचं, एवढंच."

ही जीप बाबांनी लग्नाआधी लिलावात घेतली होती. म्हणून आई तिला 'थोरली' म्हणायची आणि स्वतःला धाकटी. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि मोजायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हापासून थोरलीची जास्तच बडदास्त सुरू झाली. तिचा आरसा मूळचा, दिवे मूळचे, चाकं मूळची. टायरांना मात्र चिरा पडल्या होत्या. मूळ मापाचे घ्यायचे की मोठे, यावरून सकाळपासून बापलेकीची जुंपली होती.

मोठ्या टायरांनी गाडी दोन बोटं उंच होणार होती. तळ्याकडचा रस्ता आता नुसता दगडगोट्यांचा झाला होता आणि तेवढ्या उंचीशिवाय गाडीचं पोट आपटलं असतं. तळ्यावर जायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप. बाबांना आईला एकदा तिथे न्यायचं होतं. तसं ते कबूल करत नसत, 'गाडी धावती राहिली पाहिजे' एवढंच म्हणत. पण आई कित्येक वर्षांत थोरलीत बसली नव्हती आणि तिचे गुडघे आता फार दिवस साथ देतील असं दिसत नव्हतं. मग ज्यांना तळं गाठायचंय तेच मोठे टायर नको म्हणून का अडून बसलेत, हे काही मुलीच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तिने आरसा जरा तिरका केला. टायर जिथे टेकला होता, तिथेच पाट्याच्या कडेला एक खोलगट पट्टी होती. तिच्यावर रंगाचे थर चढले होते, तरी बोटाला गुळगुळीत लागत होती. झोपेत दात खाणाऱ्या माणसाची दाढ झिजते, तशी. ती सरपटत पलीकडे गेली. तिकडेही तेच.

"बाबा, हिला पूर्वी मोठे टायर होते?"

"छे! काहीतरीच."

"मग हे घासलंय कशाने?"

"दगड लागला असेल."

"दोन्ही बाजूंना? एकाच उंचीवर?"

बाबा पुढच्या काचेवरची धूळ पुसू लागले. धूळ तिथे नव्हतीच.

मुलगी कपडे झटकत स्वयंपाकघरात गेली. आई मटार सोलत होती.

"होते की," आई म्हणाली. "लग्न झालं तेव्हा मोठेच होते. वळताना कुर्रर्र आवाज यायचा."

"मग काढले का?"

"त्यांना विचार. थोरलीला सोसत नसतील. तिच्या तब्येतीपुढे माझं कोण विचारतंय!" आईने एक शेंग मोडली आणि तशीच हातात धरून ठेवली. "मला आवडायची ती उंची. लोकांच्या कुंपणांपलीकडचं दिसायचं. मला चढता यायचं नाही, मग हे उतरून माझ्या बाजूला यायचे, गुडघा पुढे करायचे. त्यावर पाय ठेवायचा, खांद्यावर हात ठेवायचा, की वर. पुढे टायर बदलले. मी आपली एकटीच चढायला लागले, आणि हे आत बसल्या बसल्या इंजिन सुरू करून वाट बघायला लागले. कुणी घाई केली नाही गं. पण मजा गेली ती गेलीच."

मुलीने समोरचे चार दाणे उगाचच तोंडात टाकले आणि पुन्हा अंगणात आली. टायरवाला टेम्पोत पान्हा शोधत होता.

"तुम्ही आईसाठी टायर बदललेत ना?" तिने हळूच विचारलं.

बाबांनी काच आणखी एकदा पुसली. मग म्हणाले, "बाजारात चार माणसं बघून हसली होती. तुझी आई लालबुंद झाली. म्हटलं, हिला रोज असं अवघडायला कशाला लावायचं?"

"तिला सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात!"

मुलीला हसू आलं. इतकी वर्षं दोघांनीही एका घरात, एका टेबलाशी बसून हे पोटात ठेवलं होतं. आईचं म्हणणं बाबांना सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, पण तिने ते गिळलं.

"मोठेच चढवा," ती टायरवाल्याला म्हणाली.

"ती चढायची नाही," बाबा म्हणाले. भांडण संपून आता खरी भीती बोलत होती.

"नाही चढली तर काढू."

चारही टायर चढले. बाबांनी घरातून एक स्टूल आणून आईच्या बाजूला ठेवलं, चारदा हलवून पाहिलं. आई येताना दिसली तसे ते लगबगीने आपल्या जागेवर जाऊन बसले आणि इंजिन सुरू करून समोर बघत राहिले.

आईने आधी टायर पाहिले, मग स्टूल. पायाने तिने ते हळूच बाजूला सारलं आणि तिथेच उभी राहिली.

इंजिन घरघरत होतं. बाबांनी वळून पाहिलं.

"जमत नाही का? काढायला सांगू टायर?"

"मी काही म्हटलं का?"

ती हलली नाही. बाबांनी स्टुलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, उतरले आणि गाडीला वळसा घालून तिच्यासमोर आले.

"माझा गुडघा आता पूर्वीसारखा नाही हं."

"माझे तरी कुठे आहेत?"

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ लागला. टायरवाल्याने टेम्पोकडे तोंड फिरवलं आणि बांधलेलीच दोरी पुन्हा बांधली.

"अगंबाई," आई वरून म्हणाली. "शेजाऱ्यांनी भिंतीमागे केवढी गुलाबं लावलीत! आणि मला पत्ता नाही."

फाटकातून वळताना कुर्रर्र आवाज आला. बाबांचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबू नका हो," आई म्हणाली. "घासू दे."