येसूबाईची सून तवा हाताने उचलते

येसूबाईची बढाई वाडीत सगळ्यांना पाठ होती. "माजी सून चुलीवरचा तवा नुसत्या हातान उचलते. फडका लागत नाय तिला," असं ती पाणवठ्यावर सांगायची, देवळात सांगायची, एसटीची वाट बघताना परक्या माणसालाही सांगायची. बायका कौतुकाने विमलाकडे बघायच्या आणि विमला डावा हात पदराआड घ्यायची.

विमलाच्या डाव्या हाताची बोटं मेलेली होती. दिसायला चांगली धडधाकट, पण त्यांना ऊन कळायचं नाही की गार कळायचं नाही. पोफळीकडच्या माहेरी, लहान असताना, तिला महारोग झाला होता. बापाने गाजावाजा न करता दवाखान्यातून गोळ्या आणल्या, कित्येक वर्षं खाऊ घातल्या, पोरीला पार बरी केली आणि मगच उजवली. जावयापासून त्याने काही लपवलं नाही. जावई भला माणूस, मुंबईला गोदीत कामाला. तो बायकोला एवढंच म्हणाला, "आयेला सांगू नको. ती तुला चुलीला हात लावू द्यायची नाय." झालं. त्या एका वाक्याच्या धाकात विमलाने संसार केला.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने नकळत तापलेला तवा उचलला आणि सासूने ते बघितलं. सासू हरखली. आता कौतुक झाल्यावर फडकं घ्यायची सोय राहिली का? फडकं घेतलं तर सासू विचारणार, का गो, आज का? म्हणून विमला रोज तवा हातानेच उचलत राहिली आणि फोड आले की गोठ्यात जाऊन गुपचूप तेल-हळद लावत राहिली.

अशी ही बाई महिला मंडळाची अध्यक्षही झाली. बायका जमवून आमसुलं आणि फणसपोळी करायची, रत्नागिरीच्या बाजारात धाडायची. तवा हाताने उचलणारी म्हणजे धीट असणारच, असं वाडीने गृहीत धरलं होतं. आतून बाई किती भेदरलेली होती ते तिचं तिला ठाऊक.

चौऱ्याऐंशी साली शिमगा झाल्यावर सरकारी तपासणीवाले आले आणि मंडळातल्या जनीच्या पाठीवर त्यांना फिकट चट्टा सापडला. गोळ्यांनी बरी होईल, घाबरू नका, असं डॉक्टर घसा फोडून सांगून गेला. ऐकतो कोण? लगेच जनीला पाणवठ्यावर पाऊल ठेवू देईनात. मंडळात तिने वाळत घातलेली आमसुलं कुणीतरी नेऊन उकिरड्यावर टाकली. मग ठरलं की रविवारी सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या चौथऱ्यापाशी, गाव बसवायचा आणि जनीला भावाकडे धाडून द्यायचं.

जनी विमलाच्या मागल्या दारी आली. आत आली नाही, अंगणाच्या कडेलाच बसली. "वयनी, तुमी बोला. तुमचा शबूद गाव मोडत नाय. पोरांना टाकून मी खय जाव?" विमला म्हणाली, बोलते. जनी गेली आणि विमलाने तपासणीवाल्यांनी वाटलेलं पत्रक शोधून काढलं.

ही मंडळं उभी करणाऱ्या रत्नागिरीच्या संस्थेतल्या कुलसुमबाई भेटायला आल्या. नवऱ्याशिवाय विमलाचं सारं त्यांना एकट्यांना माहीत होतं. विमला म्हणाली, "रविवारी मी सरकारचं पत्रक वाचून दाखवते."

"डॉक्टरचं ऐकलं नाही, ते पत्रकाचं ऐकतील?" कुलसुमबाई म्हणाल्या. "मला नवऱ्याने टाकलं, तेव्हा मी गावोगाव कायदा सांगत फिरायची. कुणी बसायला पाट देत नव्हतं. ज्या दिवशी माझं मी सांगितलं, त्या दिवशी बायका बोलायला लागल्या. तुझं तू ठरव विमला. माझ्या तोंडून काही जायचं नाही."

विमलाला रागच आला. हिला काय जातंय सांगायला? ही संध्याकाळच्या एसटीने रत्नागिरीला जाणार. चूल इथे आहे, सासू इथे आहे. सासूने घराबाहेर काढलं तर जायचं कुठे?

रविवारी दुपार कलल्यावर गाव जमला. येसूबाई पुढेच बसली होती. जनी लांब आंब्याखाली, डोक्यावरून पदर ओढून. रिवाजाप्रमाणे भागोजी गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, आधी देवाला गाऱ्हाणं घातलं. तो एकेक मागणं म्हणायचा आणि दर वाक्याला सगळे म्हणायचे, "होय म्हाराजा." आमच्याकडे हे उत्तर डोक्यातून येत नाही, थेट जिभेवर येतं. मग भागोजी म्हणाला, "जनीचा काय ता बोला."

विमला उठली. हातातलं पत्रक दिसेना. "मंडळाच्या वतीने" एवढंसुद्धा आठवेना. कानात भागोजीचा हेल तेवढा घुमत होता, आणि तोच तोंडातून बाहेर पडला.

"बा म्हाराजा, पोफळीकडे एक पोर होती."

"होय म्हाराजा," मागून दोघंतिघं सवयीने म्हणाले.

विमला दचकली. पण आता थांबायचं कसं?

"तिच्या अंगावर चट्टा उठला, गोळ्या खाऊन ती बरी झाली."

"होय म्हाराजा."

"लगीन होऊन ती ह्याच गावात आली."

"होय म्हाराजा." आता सगळा गाव म्हणत होता.

"तिच्या हातचं तुम्ही बारशाला जेवलात, बाराव्याला जेवलात. कुणाला काय झालं नाय."

"होय म्हाराजा."

"ती मी, म्हाराजा. ही बोटं मेलेली आहेत, म्हणून तवा भाजत नाय."

कुणी होय म्हटलं नाही. विमलाला वाटलं, आता दगड येणार.

भागोजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सगळ्यांत मोठ्याने होय त्यानेच म्हटलं होतं, आणि सहाणेवर देवापुढे म्हटलेलं होय मागे घेणारा गावकर अजून जन्मायचा होता. त्याने घसा खाकरला. "होय म्हटला ता म्हटला. जनी ऱ्हाईल. पानी भरील." काहीजण पुटपुटत उठून गेले, पण उलट कुणी बोललं नाही. आंब्याखाली जनी हमसून रडायला लागली.

विमलाने तिकडे बघितलंच नाही. तिचे डोळे सासूवर होते. येसूबाई उठली आणि घराकडे चालू लागली.

विमला मागोमाग गेली. मध्ये अंतर ठेवून, जीव मुठीत धरून. घरी पोचली तर चूल पेटलेली आणि चुलीपुढे, विमलाच्या पाटावर, येसूबाई भाकरी थापत बसलेली. काय करावं ते न सुचून विमला खाली बसली आणि तिने तव्याकडे हात नेला.

"हात लावू नको," येसूबाई म्हणाली.

विमलाचा हात तिथेच राहिला. नवरा म्हणाला होता तेच झालं. आपलं लुगडं-चोळी बांधून घ्यायची की तसंच निघायचं, एवढाच विचार तिच्या डोक्यात आला.

येसूबाईने फडकं घेतलं, तवा खाली उतरवला आणि सुनेचा डावा हात ओढून जाळाच्या उजेडात धरला. बोटांवर जुन्या-नव्या फोडांचे डाग होते.

"मी गावभर मिरवीत होते, नि तू रोज भाजत होतीस," ती म्हणाली. "फडक्याबिगर तवा उचललास तर माज्याशी गाठ हाय."

ती त्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली. विमलाला ते नुसतं दिसत होतं, जाणवत नव्हतं. तिने उजवा हातही पुढे केला.