डब्ल्यू, के आणि जी

मीटर खात्याच्या हेडक्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणत. अधीक्षकपदासाठी त्यांचं नाव वर गेलं, आणि त्याच आठवड्यात त्यांच्याविरुद्ध एक निनावी तक्रारही वर गेली. मोठ्या साहेबांनी सोमवारी तिचा मूळ कागद त्यांच्या हातात ठेवला.

“शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या. मग बघू, अधीक्षक करायचं की काय ते.”

तक्रार इंग्रजीत टाइप केलेली होती. हेडक्लार्क रोज दोन ते चार झोपतात, एवढंच तिचं म्हणणं. उरलेलं दीड पान घोरण्याच्या वर्णनाला दिलं होतं.

झोपेच्या आरोपाचं भाऊसाहेबांना फारसं काही वाटलं नाही. घोरण्याला दिलेली बिघडलेल्या पंपाची उपमा मात्र जिव्हारी लागली. इतक्या बारकाईनं ऐकणारा माणूस जवळपासच बसत असणार. जवळपास चौघं टाइपिस्ट बसत: सर्वांत जुन्या बाई, गळ्यात कायम टाय घालणारा टायवाला, कुणाशीच न बोलणारा मौनी आणि नवी मुलगी. मौनीवर पहिला संशय. जो बोलत नाही तो ऐकतो.

त्यांनी भिंग काढलं. कागदावरचा प्रत्येक डब्ल्यू ओळीच्या वर उडी मारून बसला होता, के लंगडा होता आणि जीच्या पोटात शाई साचली होती. ज्या मशिनवर हे तिन्ही दोष, त्या मशिनवरचा माणूस चोर. पण नुसतं काहीतरी टाइप करायला लावून चालणार नव्हतं. चोर सावध असतो. तिन्ही अक्षरं एकाच शब्दात हवीत, म्हणजे पळायला वाव नाही.

भाऊसाहेबांनी ऑफिसची डिक्शनरी ‘ए’पासून वाचायला घेतली. दोन वाजले, चार वाजले, पण त्यांची मान एकदाही डुलली नाही.

“भाऊसाहेब, बरं नाही का?” बाईंनी काळजीनं विचारलं. “डॉक्टरला फोन लावू?”

काळजीत इतका गोडवा! भाऊसाहेबांनी संशयितांच्या यादीत मौनीला खाली सरकवून बाईंना वर घेतलं.

बुधवारपर्यंत सहा शब्द गवसले: वॉकिंग, वर्किंग, वेकिंग, विंकिंग, नॉलेज, नोइंग. शेवटच्या दोघांत के असतो, पण तोंड उघडत नाही, अगदी त्यांच्या साडूसारखा. भाऊसाहेबांची बायको शाळेत इंग्रजी शिकवायची, पण तिला त्यांनी विचारलं नाही. घोरण्याचा सर्वांत जुना अनुभव तिच्याच गाठीशी होता, त्यामुळे ती पाचवी संशयित होती. तिला मात्र शर्ट धुवायला टाकताना खिशात यादी सापडलीच.

“विंकिंग? या वयात कुणाला डोळे मारताय?”

“ऑफिसचं काम आहे गं.”

“तेच विचारतेय. ऑफिसात कुणाला?”

गुरुवारी सकाळी भाऊसाहेबांनी चौघांकडून सहाही शब्द कोंबलेलं एकच परिपत्रक टाइप करून घेतलं. इंग्रजीत ते बरं वाटत होतं. अर्थ असा होता: ‘कामाच्या वेळेत काही जण चालतात, डोळे मिचकावतात व जागे राहतात, असे या कार्यालयाच्या ज्ञानात आले आहे. अशा चालण्याची जाण असणाऱ्याने ताबडतोब कळवावे.’

चारही प्रती भिंगाखाली गेल्या. डब्ल्यू शिस्तीत, के दोन्ही पायांवर, जीचं पोट साफ.

एवढ्यात शिपायानं पाचवी, कार्बनची प्रत सूचनाफळ्यावर लावलीसुद्धा. दुपारपर्यंत ऑफिसात कुणीच खुर्ची सोडेना. फायली फरशीवरून सरकवल्या जाऊ लागल्या. टायवाला डोळे ताणून बसला, चुकून मिचकले तर नोंद होईल म्हणून. जागं राहायचं नाही या कलमाचं काय करायचं, हे विचारायला नवी मुलगी आली, पण चालत आल्याचं लक्षात येताच अर्ध्यातच उभी राहिली.

आता खुलासा कोणाकडून टाइप करून घ्यायचा? एकावरही भरवसा नव्हता. हेडक्लार्कच्या मानाचं म्हणून एक मशिन भाऊसाहेबांच्या खुर्चीमागेच होतं. नऊ वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. आवरणावर धुळीचा कण नव्हता. शिपाई काम करतो म्हणायचा, असं वाटून त्यांना जरा बरं वाटलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी दोन पानं बडवली, तक्रारदाराला खोटारडा, भेकड आणि बहिरा ठरवलं आणि न वाचताच मूळ तक्रारीसह पाकिटात घालून ते चिकटवलं. आपलं लिखाण ते कधी तपासत नसत. स्वतःवर त्यांचा संशय नव्हता.

शुक्रवारी साहेबांनी तक्रार आणि खुलासा शेजारी शेजारी मांडले.

“भाऊसाहेब, डब्ल्यू बघा. के बघा. जी बघा.”

भाऊसाहेबांनी बघितलं. दोन्ही कागदांवर तेच तीन दोष.

“ही तक्रार तुमच्याच मशिनवर झालीय. तुम्हीच केलीत?”

नाही म्हणावं, तर भर दुपारी आपल्या पाठीला लागून कुणीतरी दीड पान खडखडवलं, दर ओळीला घंटी वाजली आणि आपल्याला पत्ता नाही, हे सांगणं आलं. मग तक्रार शब्द न् शब्द खरी.

“हो साहेब,” ते म्हणाले. “मीच.”

साहेबांनी खुलाशाचं पान उलटलं. “मग खुलाशात स्वतःला भेकड का म्हटलंय?”

“रागाच्या भरात, साहेब.”

“आणि बहिरा?”

“ते... खरंच आहे, साहेब.”

साहेबांनी चष्मा पुसला. “इतक्या वर्षांत स्वतःविरुद्ध तक्रार करणारा माणूस मी पाहिला नाही. अधीक्षक तुम्हीच. पण ही पद्धत मोडायची नाही. दर महिन्याला स्वतःविरुद्ध एक तक्रार, दीड पान.”

नवी खुर्ची तीच होती, फक्त वर उशी आली. पहिल्या महिन्याची तक्रार लिहायला भाऊसाहेब दोन वाजता मशिनसमोर बसले. स्वतःत दोष काही केल्या सापडेना. पापण्या जड होऊ लागल्या. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“भाऊसाहेब,” बाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही पडा जरा. मी लिहिते.”

त्यांनी वळून पाहिलं. बाईंच्या मागे बाकीच्या तिघांचे हात मशिनवर थांबले होते. मौनीसुद्धा काहीतरी बोलायच्या बेतात दिसला.

भाऊसाहेबांनी चौघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि उशी सारखी केली.

“पंपाचा उल्लेख नको,” असं बजावून त्यांनी डोळे मिटले.