परमुलखातली आई

निडी गावची मैना रोह्याच्या कॉलेजात एम.ए.ला होती. यंदा तिला आधुनिक जागतिक साहित्याचा पेपर होता. दिनानाथ सर वर्गात सांगत, "देश कुठलाही घ्या, कादंबऱ्या फिरूनफिरून त्याच दुःखांपाशी येतात. परकेपण, युद्ध, घर सुटणं, माणूस हरवणं." यातला एक विषय घेऊन प्रत्येकानं निबंध लिहायचा होता. मैनेनं शेवटचा घेतला. का, ते सरांनी विचारलं नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी कंपनीतली शिफ्ट संपवून घरी येताना तिचा भाऊ जगन कुंडलिका नदीच्या पुरात वाहून गेला होता.

देह मिळाला नाही, म्हणून आई गिरजाबाई त्याला गेलेला म्हणूच देईना. वडील महिपती दिवसकार्याचा विषय काढायचे, की ती उठून शेताकडे चालू लागायची.

एका दुपारी वालाच्या शेंगा सोलता सोलता तिनंच विचारलं, "काय वाचतंस गो एवढं?"

मैना जरा घुटमळली, मग सांगत गेली. लांबच्या एका थंड मुलखातली बाई. तिचा मुलगा लढाईवर गेलेला. लढाई संपते, गावातली बाकीची पोरं परत येतात. ही मात्र रोज रस्त्यापर्यंत जाऊन येते.

गिरजाबाईचे हात थांबले. "मंग? आला का तो?"

'आला' हा शब्द मैनेच्या अगदी ओठांवर होता. आईच्या चेहऱ्यावर एवढी आशा तिनं कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

"नाय आला, आये."

"शेवटपत्तर?"

"नाय."

"मेल्या लिवणाऱ्यानं पुस्तकात तरी आणायचा व्हता!" गिरजाबाई म्हणाली आणि हंबरडा फोडून रडली. जगन गेल्यापासून पहिल्यांदाच. महिपती अंगणातून धावत आले.

त्यानंतर गिरजाबाई आपणहून म्हणाली, "भटजींना इचारून या." नदीकाठी जगनच्या देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून महिपतींनी त्याला अग्नी दिला. पुतळा हातभर, बघता बघता जळून गेला.

"केवढा उंच पोरगा माजा," गिरजाबाई पुटपुटली.

मैनेनं निबंध पुरा केला. सरांना तो फार आवडला. त्यांनी तिला वर्गासमोर वाचायला सांगितलं. ती उभी राहिली, पहिलं वाक्य वाचलं, आणि पुढची अक्षरं दिसेनात. तिच्या बाकावर बसणाऱ्या मालूनं हळूच तिच्या हातातले कागद घेतले, तिला खाली बसवलं आणि पुढचं वाचायला सुरुवात केली.