मुन्नीबाईचा धूरटॅक्स

पेट्रोलवरचा टॅक्स वाढवावा की नाही, यावर बिरसी गावच्या पानठेल्यावर तीन दिवस वाद चालला, आणि तिन्ही दिवस वाढवावा म्हणणारा एकटा पुरनलाल होता. पेट्रोल महागलं की लोक गाड्या कमी काढतील, धूर कमी होईल, असं त्याने पेपरात वाचलं होतं. वाचलेलं ठासून सांगायची त्याला भारी हौस. पण गावात सगळ्यात जास्त धूर ओकायची ती त्याचीच जुनी फटफटी.

ठेल्यावरचं बोलणं घरी पोचायला वेळ लागत नाही. त्याची बायको मुन्नीबाई धुराने दोरीवरच काळवंडलेलं लुगडं दुसऱ्यांदा धूत होती. तिने शांतपणे विचारलं, "धूर करनाऱ्यानं भरावं, असं तुमीच म्हनून राहिले ना जी ठेल्यावर?"

"म्हनलं. मंग?"

"मंग आजपासून अंगनात एक किक मारली का बोरिंगवरून दोन गुंड पानी आनाचं."

आपल्याच तोंडचं बोलणं, नाही कसं म्हणणार? अडचण एवढीच की फटफटी पहिल्या किकला कधी सुरूच होत नसे. पहिल्या सकाळी सात किका झाल्या, म्हणजे चौदा गुंड, चौदा हंडे पाणी. दुसऱ्या दिवशी घरातली भांडी भरून संपली, तेव्हा मुन्नीबाईने म्हशीचं टाकं भरून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पुरनलालने पळवाट काढली. फटफटी ढकलत गल्लीच्या टोकाला, हिरालालच्या घरासमोर नेली आणि तिथे किक मारली. हिरालालची बायको अंजना बाहेर शेवया वाळवत बसली होती. टॅक्सची बातमी बायकांत फिरून झाली होती. तिने त्याच्या हाती कुऱ्हाड दिली आणि लाकडांचा ढीग दाखवला.

तेव्हापासून तो फटफटी थेट ठेल्यापर्यंत ढकलत नेऊ लागला. फटफटीशिवाय ठेल्यावर जाणं त्याला कमीपणाचं वाटे. पेट्रोल संपलं का, असं कोणी विचारलं की तो म्हणे, व्यायाम करतो. ठेलेवाल्या शालीकरामने मात्र चारचौघांत कबूल केलं, की टॅक्सने धूर कमी होतो हे आता पटलं. बाकीच्यांनाही पटलं. गावात टॅक्सच्या विरोधात एकटा पुरनलाल उरला.

पंधरा दिवसांनी आमगावला मुन्नीबाईच्या भाच्याचं लग्न आलं. फटफटीवर जाऊ, असं तीच म्हणाली. पुरनलालला आनंदाची उकळी फुटली. मागे बसणाऱ्यालाही टॅक्स लागतो, असं त्याने सुनावलं. मुन्नीबाई न्यायाची बाई. नवं लुगडं नेसून ती बोरिंगवर गेली आणि दोन गुंड पाणी आणून मुकाट्याने टाक्यात ओतलं. मग ती मागे बसली.

पुरनलालने एकवीस किका मारल्या. इतके दिवस नुसती ढकललेली फटफटी ढिम्म हलली नाही.

"धूर निंघालाच नाई," मुन्नीबाई खाली उतरली. "माहे दोन गुंड वापस करा."

"सरकार कधी टॅक्स वापस करते का?"

"सरकार त मी आहो," ती म्हणाली.

पुरनलालने लग्नाच्या कपड्यांत टाक्यातून दोन गुंड भरले, बोरिंगपर्यंत नेले आणि तिथे ओतून आला. मग दोघं रस्त्यावर जाऊन काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसले. जीपने असा काही धूर सोडला की मुन्नीबाई नाकाला पदर लावून आमगावपर्यंत ड्रायव्हरच्या नावावर गुंड मोजत राहिली. पोचले तेव्हा तिसरी पंगत बसत होती. बुंदी संपली होती, वांग्याची भाजी मात्र भरपूर होती.