धूळबाईची तंतोतंत दीर्घिका

खगोलशास्त्र विभागात तिला सगळे धूळबाई म्हणत. गेली सहा वर्षं ती दूरच्या दीर्घिकांमधली धूळ आणि वायू संगणकात उभे करत होती. नवे तारे धुळीला तापवतात, तापलेली धूळ मंद चमकते, आणि थंड वायूचे ढग आपला वेगळाच प्रकाश सोडतात. हा सगळा उजेड गणितानं काढायचा आणि दुर्बिणीनं टिपलेल्या उजेडाशी ताडून पाहायचा, एवढंच तिचं काम. 'एवढंच' असं ती नम्रपणे म्हणायची. मनातून मात्र आपण विश्वाची नाडी धरून बसलोय अशी तिची पक्की समजूत होती.

त्या सोमवारी आलेख जुळला. नुसता जुळला नाही, गणिताची रेघ दुर्बिणीच्या एकेका ठिपक्यावरून अलगद गेली. धूळबाई हवेतच तरंगू लागली. विभागप्रमुखांच्या मागे लागून तिनं गुरुवारचं व्याख्यान पदरात पाडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आईसमोर लॅपटॉप ठेवला. आई गणिताची निवृत्त शिक्षिका. तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"हे ठिपके दुर्बिणीचे?"

"हो."

"आणि रेघ तुझी?"

"हो गं. बघ ना कशी बसलीय!"

"बसलीय खरी. माझ्या वर्गात दोन पेपर इतके सारखे निघाले, की मी दोघींना उभं करायचे."

"आई, ही दीर्घिका आहे. ती कुणाचं बघून लिहीत नाही."

"ती नाही लिहीत. तू लिहितेस."

केवळ आईचं तोंड बंद करायला धूळबाईनं ठिपक्यांची फाइल उघडली, आणि तिचंच तोंड बंद झालं. ती फाइल दुर्बिणीची नव्हतीच. प्रोग्रॅम तपासायला तिनं मार्चमध्ये आपल्याच उत्तरात मोजमापात असते तशी नावापुरती खोटी खरखर मिसळून नकली निरीक्षणं बनवली होती, आणि वर नाव ठेवलं होतं 'खरी_अंतिम'. सहा वर्षांच्या तपश्चर्येनंतर तिनं एवढंच सिद्ध केलं होतं, की तिचं स्वतःशी पूर्ण एकमत आहे.

खरी फाइल जोडली. धुळीचा उजेड बऱ्यापैकी जमला. वायूचा निम्माच निघाला.

पोट दुखतंय असं कळवावं का, यावर तिनं बराच विचार केला. शेवटी प्रमुखांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं.

"मग गुरुवारी बोलणार कशावर?" त्यांनी विचारलं.

"माझ्या फजितीवर, सर. आणि हरवलेल्या निम्म्या उजेडावर."

गुरुवारी सभागृह पोट धरून हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या मागच्या रांगेतल्या, वायूच्या ढगांवर काम करणाऱ्या बाई. हसू ओसरल्यावर त्यांनीच हात वर केला.

"तुमचे ढग फार गुळगुळीत आहेत हो. खऱ्या ढगांत दाट गुठळ्या असतात. तिथं ताऱ्यांचे प्रखर किरण पोचत नाहीत, म्हणून वायूचे रेणू टिकतात, चमकतात."

सहा वर्षांत हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं धूळबाईला वाटलं. पण ते तिनं उघड विचारलं नाही, तेवढी अब्रू शिल्लक ठेवली. दोघी तीन आठवडे गुठळ्या घालत बसल्या. वायूचा उजेड निम्म्यावरून पाऊणपर्यंत चढला. रेघ अजूनही ठिपक्यांच्या खालून जाते, दोन ठिकाणी तर साफ चुकते. धूळबाईनं ती तशीच छापायला दिली.